यंत्र ठणठणीत, माणसाचं काय?

पेसमेकरच्या तपासणीला गेलं की पहिली दहा मिनिटं बोलणं यंत्राशीच होतं. तंत्रज्ञ छातीवर एक चकती ठेवतात आणि समोरच्या पडद्यावर आकडे उमटायला लागतात. बॅटरी अजून किती वर्षं पुरेल, हृदयात गेलेल्या तारा शाबूत आहेत का, शंभरातले किती ठोके यंत्रानं दिले, हे सगळं कळतं. मग त्या मान वळवून विचारतात, "आणि तुम्ही कसे आहात?" आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर लहानपणापासून पाठ असतं. "ठीक आहे. चाललंय."

पहिल्या दोन तपासण्यांना मीही हेच म्हणालो. प्रत्यक्षात ठीक नव्हतं. स्टेट कॉलेजचा हिवाळा लांबतो. रस्त्यावर बर्फ असला की फिरायला जाणं बंद, म्हणून तळघरात ठेवलेली व्यायामाची सायकल मारायची. त्या सायकलवर पाच मिनिटांत माझे पाय जड व्हायचे, धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. गंमत म्हणजे दुकानात अर्धा तास फिरलो तरी काही होत नसे. मी आपली कारणं शोधत राहिलो. वय झालं, थंडी आहे, वजन वाढलंय. तिसऱ्या तपासणीला जाताना बायको गाडीत म्हणाली, "आज तू नाही सांगितलंस तर मी सांगणार."

सांगितलं, आणि उलगडा व्हायला दोन मिनिटं लागली. माझ्या हृदयाचे ठोके श्रमाबरोबर आपोआप वाढत नाहीत. ते काम पेसमेकर करतो. माणूस श्रम करतोय हे माझ्या पेसमेकरला शरीराच्या हालचालीवरून कळतं. चालताना छाती हलते, मग यंत्र ठोके वाढवतं. एका जागी असलेल्या सायकलवर पाय फिरतात, पण छाती जवळजवळ स्थिर राहते. यंत्राला वाटतं, हे गृहस्थ खुर्चीत बसून पेपर वाचताहेत. त्यांनी मला बोळातून चालायला लावलं, जिना चढायला लावला आणि यंत्राची संवेदनक्षमता थोडी वाढवली. सायकलवर अजूनही दम लवकर लागतो, पण अंधारी येत नाही. आणि का लागतो ते माहीत असल्यामुळे भीती वाटत नाही. आधीच्या दोन्ही तपासण्यांत यंत्राचा अहवाल खरा होता. खोटं होतं ते माझं उत्तर.

हा स्तंभ वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी, इथे किंवा तिकडे पुण्या-नाशिक-कोल्हापुरात, कुणाच्या तरी छातीत पेसमेकर असेल. त्यांना आणि त्यांच्या लेकासुनांना एकच गोष्ट सांगायची आहे. पेसमेकर बसवला की काम संपत नाही, तो आपल्या आयुष्याला जुळवून घ्यावा लागतो. कमीत कमी ठोके किती, जास्तीत जास्त किती, श्रमाला प्रतिसाद किती लवकर द्यायचा, हे आकडे बाहेरून, शस्त्रक्रिया न करता बदलता येतात. मात्र कोणता आकडा बदलायला हवा हे यंत्र सांगत नाही. ते आपणच सांगावं लागतं, आणि पहिल्यांदा ऐकलं गेलं नाही तर दुसऱ्यांदाही.

या यंत्राचा जन्मच मुळी एका हट्टी बाईमुळे झाला. १९५८ साली स्वीडनमधल्या आर्ने लार्सन यांच्या हृदयाचे ठोके वारंवार थांबत. दिवसातून कित्येक वेळा त्यांची शुद्ध हरपे. त्यांच्या पत्नी एल्से-मारी यांच्या कानावर आलं की कॅरोलिन्स्का रुग्णालयातले शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट हृदयाला विजेचे ठोके देणाऱ्या यंत्रावर प्रयोग करताहेत. माणसाच्या शरीरात ठेवता येईल असं यंत्र अजून तयार नाही, असं उत्तर मिळालं. बाईंनी ते मानलं नाही. दवाखाना ते प्रयोगशाळा असे हेलपाटे घालून त्यांनी दोघांनाही कामाला लावलं. एल्मक्विस्टनं बूटपॉलिशच्या डबीचा साचा वापरून यंत्र ओतलं आणि ८ ऑक्टोबर १९५८ रोजी ते लार्सन यांच्या शरीरात बसवलं गेलं. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं, मग दुसरं बसवलं. पुढे आयुष्यभरात त्यांना एकूण २६ पेसमेकर लागले. २००१ साली, वयाच्या ८६व्या वर्षी ते गेले, तेही कर्करोगानं. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्या आधीच गेले होते.

दुसरी गोष्ट अलीकडची. मारी मो ही नॉर्वेची संगणक-सुरक्षा संशोधक. २०११ मध्ये, ऐन तारुण्यात, तिला पेसमेकर बसला. काही महिन्यांनी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन स्थानकाच्या लांबलचक जिन्यावर चढताना तिचा जीव अर्धा झाला. ठोके १६० वर पोचले, तिथे यंत्राची वरची मर्यादा आली आणि त्यानं ठोके एकदम निम्म्यावर आणले. पुढे शोध घेतल्यावर कळलं की यंत्रातली मर्यादा तिच्यासारख्या तरुण, धडधाकट बाईसाठी बेताची नव्हती. शिवाय तपासणीच्या संगणकावर दिसणारे आकडे आणि पेसमेकरच्या आतले आकडे यांत फरक होता. पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं. जिन्यावर काय झालं हे तिनं लावून धरलं म्हणून चूक सापडली.

आपण लावून धरत नाही, त्याची कारणं आपल्याला ठाऊक आहेत. डॉक्टर म्हणजे देवमाणूस, त्यांना उलट विचारायचं नाही. कुरकूर करणारा माणूस कुणाला आवडत नाही. अमेरिकेत तर पंधरा मिनिटांची भेट, डॉक्टर दाराकडे बघत असतात, आपलं इंग्रजी ऐन वेळी अडखळतं. त्यात हा पेसमेकर हजारो डॉलर खर्चून बसवलेला. तक्रार केली तर कृतघ्नपणा दिसेल अशी मनात कुठेतरी टोचणी. पण डॉक्टरांना विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. शिंप्याला आपण सांगतोच ना, काखेत घट्ट होतंय म्हणून. तो रागावत नाही, माप बदलून देतो.

सांगायचं कसं, हेही शिकण्यासारखं आहे. "थकवा येतो" म्हटलं तर समोरचा मान डोलावतो, कारण साठीनंतर सगळेच थकतात. त्याऐवजी वहीत चार ओळी लिहून न्या. कोणत्या तारखेला, किती वाजता, काय करत असताना, किती वेळ त्रास झाला आणि तेव्हा नाडीचे ठोके किती होते. "दुसऱ्या मजल्यावर जाताना मधल्या वळणावर थांबावं लागतं, पूर्वी लागत नव्हतं" हे वाक्य डॉक्टरांना उपयोगी पडतं. तारीख-वेळ दिली तर त्या वेळच्या यंत्रातल्या नोंदीही अनेकदा पडताळून पाहता येतात.

सोबत प्रश्नही लिहून न्या. माझी खालची आणि वरची मर्यादा किती ठेवली आहे, आणि का? श्रम ओळखण्याची सोय चालू आहे का? माझं यंत्र आणि तारा दोन्ही एमआरआयला चालणाऱ्या आहेत का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण "पेसमेकर आहे ना, मग एमआरआय नाही" असं सरसकट सांगणारे अजून भेटतात. गेल्या दशकभरात बसवलेल्या पुष्कळ यंत्रांसह ठरावीक अटींवर, हृदयविभागाच्या देखरेखीखाली एमआरआय करता येतो. आणखी एक विचारा: घरी उशाशी ठेवलेला किंवा फोनमधला दूरनिरीक्षणाचा संच माहिती कधी पाठवतो आणि ती कोण, कधी बघतं? पुष्कळांचा समज असतो की तिकडे रात्रंदिवस कुणीतरी आपल्यावर डोळा ठेवून बसलंय. तसं नसतं. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, तर संचाच्या भरवशावर न राहता ९११ लावायचं.

काही गोष्टी पुढच्या तपासणीपर्यंत राखून ठेवायच्या नाहीत. जखमेपाशी लाली, सूज, स्राव किंवा ताप, चक्कर, थांबत नसलेली उचकी किंवा पोटाच्या वरच्या भागात ठोक्यासारखी उडी, पायांवर सूज. यांसाठी त्याच दिवशी फोन करायचा. "शुक्रवार संध्याकाळ आहे, कशाला त्रास द्यायचा" हा विचार आपला नेहमीचा, आणि नेमका चुकीचा.

ज्यांचा पेसमेकर अजून बसायचाय, त्यांनी आधीच बोलावं. तो बहुधा डाव्या खांद्याखाली बसवतात. अमेरिकेत गाडी चालवणाऱ्याचा सीटबेल्ट नेमका डाव्या खांद्यावरून येतो, भारतात उजव्या. तुम्ही डावखुरे असाल, खांद्याला पिशवी अडकवून हिंडत असाल, कपड्याचा पट्टा तिथेच रुतत असेल, तर हे शस्त्रक्रियेआधी सांगा. दरवेळी जागा बदलता येईलच असं नाही, पण सांगितलंच नाही तर विचारही होणार नाही.

स्टेट कॉलेजसारख्या गावात याला आणखी एक पदर आहे. गाव विद्यापीठाचं, रुग्णालय गावातच आहे, पण काही गुंतागुंत झाली की डॅनव्हिल, हर्षी किंवा पिट्सबर्ग गाठावं लागतं, म्हणजे दीड ते तीन तासांचा रस्ता आणि हिवाळ्यात त्याहून जास्त. अशा वेळी "कोणतं काम इथे होईल आणि कशासाठी तिकडे जावं लागेल?" हे आधीच विचारून ठेवावं. आपले अहवाल आपल्या हाती ठेवावेत. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांमुळे तपासण्यांचे अहवाल रुग्णाला विनाकारण उशीर न करता मिळायला हवेत. एका रुग्णालयाचा कागद दुसऱ्याकडे आपोआप पोचेल या भरवशावर राहू नये. नोकरी करणाऱ्यांनी कामाच्या ठिकाणीही तोंड उघडावं. पहिले काही आठवडे जड उचलायचं नाही, हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावं आणि साहेबांना द्यावं. लपवून खोकी उचलण्यात कसला पुरुषार्थ?

आता आईवडिलांविषयी. सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांना इथे चक्कर येते, पेसमेकर बसतो, आणि मग प्रत्येक भेटीत मुलगा बोलतो. बाबा मराठीत म्हणतात, "जीव घाबरा होतो रे." मुलगा इंग्रजीत सांगतो, त्यांना ताण येतो. कागदावर 'चिंता' अशी नोंद होते आणि हृदयाची गोष्ट मनाच्या खात्यात जमा होते. "कसंतरी होतं", "गळून गेल्यासारखं वाटतं", "छातीत धडधड नाही, फडफड होते" या शब्दांत फार मोठी माहिती असते. मुलाच्या घाईत ती गळून पडते. पुष्कळदा बाबा मुलासमोर खरं बोलतही नाहीत. लेकाला रजा घ्यावी लागेल, खर्च होईल, सूनबाईंना त्रास होईल. मग पुन्हा तेच, "ठीक आहे."

अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टच्या १५५७व्या कलमानुसार, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांनी इंग्रजी नीट न येणाऱ्या रुग्णाला विनामूल्य दुभाषी पुरवायचा असतो. तुमचा माणूस तुम्हीच आणा, अशी सक्ती त्यांना करता येत नाही. मराठी दुभाषी प्रत्यक्ष नाही तर फोनवर किंवा पडद्यावर मिळू शकतो. भेटीची वेळ घेतानाच मागा, आणि "हिंदी चालेल ना?" असं विचारलं तर आईला हिंदीत पोटातलं बोलता येतं का याचा प्रामाणिक विचार करून उत्तर द्या. मुलांनी सोबत जरूर बसावं, पण कान म्हणून. तोंड आईबाबांचंच राहू द्यावं.

खर्चाच्या बाबतीतही गप्प बसण्याचा तोटाच होतो. पाहुण्यांसाठी घेतलेल्या विम्यात जुन्या आजारांना सहसा संरक्षण नसतं किंवा फार थोडं असतं. आई-बाबा विमानात बसण्याआधी ती अट नीट वाचून घ्या. पण विमा नाही म्हणून चक्कर अंगावर काढू नका. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार, मेडिकेअर घेणाऱ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला पैशांचा विचार न करता रुग्णाची तपासणी करावी लागते आणि प्रकृती स्थिर करण्याचे उपचार द्यावे लागतात. बिल येतं, मोठं येतं. तरी ना-नफा रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. त्याचा अर्ज मागायला लाजू नका. मागणाऱ्यालाच तो मिळतो.

आणि एक लढाई घरात असते, ती सर्वांत नाजूक. पेसमेकर बसला की नातेवाईक त्या माणसाला काचेच्या बरणीत ठेवायला बघतात. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश फिरतात: मायक्रोवेव्ह वापरू नका, मोबाइलला हात लावू नका, स्वयंपाकघरात जाऊ नका. यातलं खरं तेवढं पाळावं. मोबाइल वापरायला हरकत नाही, फक्त पेसमेकरपासून सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर लांब ठेवायचा. सदऱ्याच्या त्या बाजूच्या खिशात नको. काही नव्या फोनमध्ये आणि घड्याळांत जोरदार चुंबक असतात, म्हणून २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानंही हेच अंतर सांगितलं. चालू इंडक्शन शेगडीपासून साधारण दोन फूट दूर राहायचं. चांगल्या स्थितीतला मायक्रोवेव्ह, मिक्सर, टीव्ही यांची भीती नाही.

खरा धोका अशा ठिकाणी असतो जिथे कुणी बघत नाही. गावोगावी म्हाताऱ्यांना विकल्या जाणाऱ्या चुंबकीय गाद्या आणि पट्टे पेसमेकरवाल्यांनी वापरू नयेत. जवळ चुंबक असला की यंत्र हृदयाचं ऐकणं तात्पुरतं थांबवून ठरावीक गतीनं ठोके देतं. गुडघ्याला विजेचा शेक देणारी फिजिओथेरपीची यंत्रं लावण्याआधी "मला पेसमेकर आहे" हे आपण स्वतः सांगायचं. समोरच्यानं विचारलं नाही, म्हणून आपणही बोललो नाही, असं चालणार नाही.

हाताचंही तसंच. नव्या तारा घट्ट बसेपर्यंत, साधारण चार ते सहा आठवडे, त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असं सांगतात. पण "जपा हं" म्हणत म्हणत तो हात सहा महिने झोळीत ठेवला तर खांदा आखडतो, आणि केस विंचरायलाही दुसऱ्याची मदत लागते. मुदत किती, ती कधी संपते, सूर्यनमस्कार कधीपासून, बागेत कुदळ कधीपासून, नातवाला उचलून कधी घ्यायचं, हे विचारून घ्या आणि मुदत संपली की घरच्यांना ठणकावून सांगा. प्रेमापोटी घातलेली बंदीही बंदीच असते.

इथून परत जाणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. पेसमेकर तपासणारा संगणक ज्या त्या कंपनीचा वेगळा असतो; एकाचं यंत्र दुसऱ्याच्या संगणकाला वाचता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी पेसमेकरचं ओळखपत्र, शेवटच्या तपासणीचा छापील अहवाल आणि सध्याचे आकडे बरोबर घ्या. आपल्या शहरात त्या कंपनीच्या यंत्राची तपासणी कुठे होते आणि घरचा दूरनिरीक्षणाचा संच भारतात चालेल का, हे आधी विचारा. विमानतळावर ओळखपत्र दाखवा. दारातून नेहमीच्या चालीनं जायला हरकत नसते, फक्त तिथे रेंगाळायचं नाही आणि हातातली काठी छातीवर धरू द्यायची नाही. हातानं झडती घ्या, असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. आपल्यामागे आपल्या वतीनं कोण बोलणार, हेही लिहून ठेवावं. ऐकायला कठोर वाटेल, पण दहनापूर्वी पेसमेकर काढावा लागतो, कारण आगीत त्याची बॅटरी फुटते. हे त्या घाईच्या घडीला कुणाला आठवत नाही. आपण आजच मुलांना सांगून ठेवलेलं बरं.

येत्या रविवारी भारतात फोन कराल तेव्हा "तब्येत कशी आहे?" असं विचारू नका. उत्तर तुम्हाला माहीत आहे. "या आठवड्यात जिना चढताना थांबावं लागलं का? देवळापर्यंत चालत गेलात का? रात्री दचकून जाग आली का?" असं विचारा. आणि तुमच्याच छातीत पेसमेकर असेल, तर पुढच्या तपासणीच्या आदल्या रात्री चार ओळी लिहून कागद खिशात ठेवा. उजव्या खिशात.